श्वास कुठे घेतलाय ते ऐका

मागच्या अंकात म्युझिक व्हिडिओ आणि ब्रँडेड फिल्म्सच्या दिग्दर्शनाबद्दल प्रश्न मागवले होते. मी सोळा वर्षं हेच काम करते आहे, त्यामुळे उत्तरं माझ्या अनुभवातून आलेली आहेत. माझ्या मागे कुठली संस्था किंवा अभ्यासक्रम नाही. पत्रं बरीच आली. ज्यांच्या प्रश्नाला खरंच काही सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं, ती निवडली.

ताई, मी २३ वर्षांची आहे, एडिटिंग शिकते. मला मोठी फिल्म करायची आहे. सगळे म्हणतात, आधी म्युझिक व्हिडिओ कर, मग जाहिराती, मग फिल्म आपोआप येईल. अशी शिडी खरंच असते का?

तुझ्याच अर्थाची आणखी तीन पत्रं आली, म्हणून हा प्रश्न पहिला घेते.

शिडीची गोष्ट लोक का सांगतात ते समजण्यासारखं आहे. हॉलिवूडचा दिग्दर्शक डेव्हिड फिंचरनं १९८६ मध्ये काही सोबत्यांबरोबर प्रोपगंडा फिल्म्स ही निर्मिती कंपनी काढली, भरपूर म्युझिक व्हिडिओ आणि जाहिराती केल्या आणि १९९२ मध्ये त्याची पहिली फीचर, म्हणजे पूर्ण लांबीची फिल्म, आली. जोनाथन ग्लेझरनं १९९७ मध्ये रेडिओहेड या बँडचा ‘कर्मा पोलिस’ केला, १९९९ मध्ये गिनेस बिअरची सर्फरची जाहिरात केली आणि २००० मध्ये ‘सेक्सी बीस्ट’ ही फीचर. ओळीनं मांडलं की शिडीच दिसते. पण याच यादीत अँटोन कॉर्बिनही आहे. तो १९८० च्या दशकापासून व्हिडिओ करत होता आणि त्याची पहिली फीचर २००७ मध्ये आली. हाइप विल्यम्सनं १९९८ मध्ये एक फीचर केली आणि तो पुन्हा म्युझिक व्हिडिओंकडेच गेला. ज्या माणसानं हिप-हॉप या अख्ख्या संगीतप्रकाराचा चेहरा घडवला, त्याला मी शिडीवर अडकलेला माणूस म्हणणार नाही.

आता माझं सांगते. अकरा वर्षं व्हिडिओ केल्यावर मी बारा मिनिटांची एक कथा लिहिली. दोन बहिणी, एक खोली, संगीत अजिबात नाही. पहिल्याच दिवशी अभिनेत्रीनं विचारलं, “ती दार उघडते तेव्हा तिला बहीण घरात आहे हे माहीत असतं का?” मला उत्तर देता येईना. अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. व्हिडिओमध्ये दार उघडतं ते ध्रुवपदाच्या पहिल्या ठोक्यावर, आणि त्या माणसाला काय वाटतंय ते गाणं सांगतं. भावनेचं अर्धं ओझं गाण्यानं उचललेलं असतं, ही गोष्ट गाणं काढून घेतल्यावर माझ्या ध्यानात आली.

व्हिडिओ तुला चौकट शिकवतील, लय शिकवतील, सूर्य मावळायला चाळीस मिनिटं उरली असताना तीन शॉट कसे सोडायचे तेही शिकवतील. दोन माणसं एकमेकांशी खोटं बोलताहेत हे कॅमेऱ्यानं कसं पाहायचं, ते मात्र शिकवणार नाहीत. म्हणून कामं घे, पण वर्षातून एकदा पाच मिनिटांची एखादी गोष्ट संगीताशिवाय कर, दोन मैत्रिणींना घेऊन, स्वतःच्या हिमतीवर. मी हे फार उशिरा सुरू केलं, याची मला अजून खंत आहे.

गाणं हाती आल्यावर कल्पना सुचते कशी? मी ऐकतो आणि डोळ्यांसमोर दुसऱ्यांचेच व्हिडिओ येतात.

पहिल्या दहा वेळा ऐकताना सगळ्यांचंच तसं होतं. तुम्ही बहुधा दहाव्या वेळेला थांबता.

मी काय करते ते सांगते. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापून घेते. दिवे मालवते, हेडफोन लावते आणि हातात पेन्सिल धरते. पहिल्या काही वेळा काहीच लिहीत नाही. मग फक्त श्वास ऐकते. गायक किंवा गायिका कुठे श्वास घेते, तिथे उभी रेघ मारते. आता एक रेकॉर्डिंग आठवतंय. त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी गायिकेनं एक छोटा, तुटका श्वास घेतला होता. शब्द साधे होते, निरोपाचे, पण तो श्वास रडू आवरणाऱ्या माणसाचा होता. मिक्सिंग करणाऱ्यानं तो राहू दिला होता, त्याचे मी मनोमन आभार मानले. आमचा सगळा व्हिडिओ त्या एका श्वासावर उभा राहिला. पहिल्या कडव्यात ती घर आवरते आहे, श्वासाच्या जागी तिचा हात एका कपाटाच्या कडीवर थांबतो, आणि दुसरं कडवं सबंध त्या न उघडलेल्या कपाटासमोर घडतं. कलाकाराच्या मॅनेजरला कपाटात काय आहे ते दाखवायचं होतं. गायिका म्हणाली, “नको, मलाही माहीत नाही काय आहे ते.” ते वाक्य ऐकलं आणि आमचं जमणार हे मला कळलं.

कटसुद्धा मी शक्यतो श्वासावर ठेवते. ठोक्यावर कट करणं सोपं आहे. १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं आणि सेकंदाला २४ फ्रेम्स असतील, तर दर १२ फ्रेम्सना एक ठोका पडतो, मोजून कापता येतो. पण सलग चार मिनिटं ठोक्यावर कापलेला व्हिडिओ पाहणाऱ्याला तिसाव्या सेकंदालाच कळतो आणि डोळे आळसावतात.

मिशेल गाँड्रीनं २००२ मध्ये केमिकल ब्रदर्स या जोडीच्या गाण्यासाठी केलेला ‘स्टार गिटार’ पाहा. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश, एवढंच आहे. पण प्रत्येक खांब, इमारत, पूल गाण्यातल्या एकेका आवाजाला बांधलेला आहे. तो आवाज आला की ती वस्तू खिडकीसमोरून जाते. इतकं बारीक ऐकलेलं असलं की कल्पना बाहेरून आणावी लागत नाही.

स्लो मोशनमध्ये लिप-सिंक करायचं होतं. आम्ही नेहमीच्या वेगानं गाणं वाजवून शूट केलं आणि सगळं फसलं. नेमकं चुकलं कुठे?

गाण्याचा वेग बदलायचा राहिला. सेकंदाला ४८ फ्रेम्सनी टिपलेलं चित्र २४ नं दाखवलं की सगळं निम्म्या वेगानं होतं, ओठसुद्धा. म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि गायिकेनं त्या वेगाला ओठ जुळवायचे. पडद्यावर ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण केस, कपडा, पाण्याचे थेंब संथ दिसतात. ३६ फ्रेम्सना दीडपट, ३० फ्रेम्सना सव्वापट. प्लेबॅकच्या या फाइल्स आदल्या दिवशीच करून ठेवा, आणि सूर न बदलता वेग वाढवून घ्या. नाहीतर आवाज इतका चिरका होतो की कलाकाराला आपलंच गाणं ओळखू येत नाही. भरभर शब्दांच्या गाण्याला ४८ चा हट्ट धरू नका. दुप्पट वेगात माणसाचा जबडा दमतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं. अशा गाण्याला मी ३० वरच थांबते. कलाकाराला आठवडाभर आधी ती फाइल पाठवा, सराव घरी होऊ दे.

आणखी एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते, म्हणजे तुमच्या हातून व्हायला नको. मोठं उघडं मैदान, लांब पल्ल्याची लेन्स, गायक कॅमेऱ्यापासून साठेक मीटरवर. स्पीकर कॅमेऱ्याशेजारीच ठेवला होता, कारण तिथेच वीज होती. एडिटला बसलो तर प्रत्येक शॉटमध्ये ओठ जरासे मागे. फार नाही, पण डोळ्यांना खुपण्याइतके. एडिटर म्हणाला कलाकाराचाच अंदाज चुकत होता, आणि मीही ते मानलं. दोन दिवसांनी हिशोब केला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. साठ मीटरला लागतात साधारण ०.१७ सेकंद, म्हणजे २४ च्या हिशोबात चार फ्रेम्स. एडिटमध्ये ज्याच्या आवाजावरून गाणं जुळवतो, त्या कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनला गाणं लगेच ऐकू येत होतं आणि त्या बिचाऱ्याला चार फ्रेम्स उशिरा. तो ऐकेल तसा अचूक गात होता. मी त्याला फोन करून माफी मागितली, कारण सेटवर मी त्याला तीनदा “लक्ष दे” म्हणाले होते. तेव्हापासून दूरच्या शॉटला गायकाच्या कानात छोटा इअरपीस असतो आणि कॅमेऱ्याला आवाज थेट तारेनं मिळतो.

तिसरी एक गोष्ट. कॅमेरा २४ वर आणि एडिटची टाइमलाइन २३.९७६ वर, असं करू नका. फरक हजारात एकाचा, पण चार मिनिटांच्या सलग टेकमध्ये शेवटी सहा फ्रेम्सची चूक साठते.

कॅमेरा कोणता घ्यावा?

घेऊ नका, भाड्यानं आणा. ते पैसे कलादिग्दर्शकाला द्या.

ब्रँडेड कंटेंट म्हणजे लांबलेली जाहिरातच ना? क्लायंटचे बदल तुम्ही सहन कसे करता?

पुष्कळदा लांबलेली जाहिरातच असते, आणि ती बघवत नाही. माझ्यासाठी फरक असा: जाहिरातीत वस्तू हा विषय असतो. ब्रँडेड फिल्ममध्ये ब्रँड पैसे देतो आणि गोष्ट अशी असावी लागते की माणूस ती आपणहून पाहील. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूनं ‘द हायर’ ही लघुपटांची मालिका इंटरनेटवर आणली. अभिनेता क्लाइव्ह ओवेन भाड्यानं मिळणारा ड्रायव्हर, आणि पहिल्या पाच फिल्म्सचे दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर, आंग ली, वाँग कार-वाय, गाय रिची आणि अलेहांद्रो गोन्झालेझ इन्यारितू. गाडी प्रत्येक फिल्ममध्ये आहे, पण प्रेक्षक बसतो तो मागच्या सीटवरच्या माणसाचं काय होतं यासाठी. पुढे २००३ मध्ये कान लायन्स या जाहिरातींच्या महोत्सवात टायटॅनियम हा पुरस्कार सुरू झाला, त्याला ही मालिका कारण ठरली.

बदलांबद्दल. “सहन करणे” हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. ब्रँडचा माणूस त्याच्या ऑफिसात कुणाला तरी उत्तर देणार असतो. त्याची भीती काय आहे ते आधी विचारा. एकदा एका क्लायंटनं चौदा बदल पाठवले. मी फोन करून एवढंच विचारलं की तुमच्या साहेबांना काय दिसलं नाही तर ते नाराज होतील? उत्तर आलं, बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज. तो आवाज आम्ही संगीतातून बाहेर काढला, एकटा ऐकू येईल असा ठेवला, आणि चौदापैकी अकरा बदल त्यांनीच मागे घेतले. उरलेल्या तीनमधला एक खरोखर चांगला होता.

पण काही गोष्टी करारात लिहून घ्याव्याच लागतात. बदलांच्या फेऱ्या किती, मी सहसा दोन लिहिते. अंतिम होकार कुणा एका माणसाचा, त्याचं पद. आणि किती लांबीच्या, कोणत्या आकाराच्या आवृत्त्या. हे शेवटचं आज सगळ्यात महत्त्वाचं आहे. आडव्या १६:९ चौकटीतून उभी ९:१६ कापली की रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती राहतो. दोन माणसं आडव्या चौकटीच्या दोन टोकांना बसवलीत तर उभ्या आवृत्तीत त्यांच्यामधली भिंत दिसेल. म्हणून मॉनिटरवर उभ्या चौकटीच्या रेघा पहिल्या शॉटपासून लावून ठेवते, आणि जे दृश्य दोन्हींत बसणारच नाही ते सरळ दोनदा टिपते. सहा सेकंदांची आवृत्ती मागितली असेल तर तिचा वेगळा शॉट लिहा. तीन मिनिटांतून सहा सेकंद ओरबाडून काढले की काही उरत नाही.

आणि एडिट करताना तात्पुरतं म्हणून एखादं प्रसिद्ध गाणं खाली लावू नका. क्लायंट त्याच्या प्रेमात पडतो. मग कळतं की हक्क दोन ठिकाणी आहेत, रचनेचे एकाकडे आणि ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे, आणि दोघांचा होकार लागतो. तो मिळाला नाही की तुमची फिल्म कायमची “पहिल्यासारखी नाही” होऊन बसते.

मी एका पिचसाठी, म्हणजे काम मिळवण्याच्या स्पर्धेसाठी, तीन आठवडे ट्रीटमेंट (फिल्म कशी करणार याचा लेखी आराखडा) लिहिली. काम दुसऱ्याला गेलं आणि फिल्म आली तेव्हा सुरुवात माझीच होती. काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्याबाबतीत हे घडलं तेव्हा माझी ट्रीटमेंट ३८ पानांची होती. उघड्या छत्र्यांच्या ढिगाखाली झोपलेलं मूल, वरून सुरू होणारा शॉट. चार महिन्यांनी तोच ढीग, तेच मूल, तोच वरचा कोन. त्या कंपनीला मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. आठवडाभर मी नवं काही लिहू शकले नाही.

कायद्याचं बोलायचं तर नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. तुमच्या ट्रीटमेंटमधली वाक्यं, रेखाचित्रं, शॉट्सचा क्रम जसाच्या तसा आला असेल तर वकिलाला दाखवायला कागदपत्रं जमवा: पाठवल्याच्या तारखा, ईमेल, फाइल. नुसतं वातावरण जुळत असेल तर हाती काही लागणं अवघड आहे. हे सांगताना मला बरं वाटत नाही.

पुढच्या वेळचं मात्र तुमच्या हातात आहे. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते सांगणारा कागद, आला की पहिल्याच फोनवर विचारा, स्पर्धेत किती दिग्दर्शक आहेत? सहसा तीन असतात. पाच म्हणाले तर मी नम्रपणे नाही म्हणते. पिचसाठी मानधन मागा. दर वेळी मिळत नाही, पण मागितल्यावर समोरचा कागदाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. आणि ट्रीटमेंट लहान करा. माझी आता दहा पानांच्या पुढे जात नाही. सुरुवात आणि स्वर पूर्ण लिहिते, शेवट प्रत्यक्ष भेटीत बोलून सांगते. छत्र्यांचा तो शॉट मी अजून टाकलेला नाही. तो मला वेगळ्या गोष्टीत करायचा आहे आणि मी करीन.

माझा मुलगा नोकरी सोडून या क्षेत्रात जातो म्हणतो. यावर घर चालतं का? — एक वडील

चालतं, पण महिन्याच्या हिशोबानं नाही, वर्षाच्या हिशोबानं. माझ्या अनुभवात म्युझिक व्हिडिओ नाव देतात आणि ब्रँडचं काम घर चालवतं. वर्षात दोन-तीन महिने पूर्ण कोरडे जातात, हे त्यानं आधीच धरून चालावं. निम्मे पैसे चित्रीकरणाआधी खात्यात आल्याशिवाय तारखा देऊ नयेत. मी एकदा ओळखीवर विसंबून हे सोडलं आणि माझ्या टीमचे पैसे स्वतःच्या बचतीतून दिले.

तुम्हाला एक विनंती. पहिली दोन वर्षं त्याला “पुढे काय?” असं दर आठवड्याला विचारू नका. महिन्यातून एकदा, शांतपणे, आकडे मांडून बसा. माझ्या वडिलांनी असंच केलं. मला त्यांचा राग कधी आला नाही, आणि हिशोब ठेवायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

व्हिडिओ खाली गायकाचं नाव मोठं, दिग्दर्शकाचं कुठे तरी. वाईट वाटत नाही का?

वाटायचं. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाला, पण पडद्यावरच्या माहितीत दिग्दर्शकाचं नाव यायला १९९२ उजाडलं. अकरा वर्षं लोकांनी ती कामं पाहिली आणि ती कुणाची हे त्यांना दिसलं नाही. त्यानंतर दिग्दर्शकाला स्वतःचा प्रेक्षक मिळू लागला. त्यामुळे नाव मागण्यात संकोच करू नका. ते कुठे येणार, वर्णनाच्या पहिल्या ओळीत की शेवटी, हे करारात लिहून घ्या. गाणं गायकाचं आहे, त्याचं नाव मोठंच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा आग्रह आता दुसऱ्याच ठिकाणी असतो. वर्णनात पूर्ण टीमची यादी जावी यासाठी मी भांडते, आणि ती स्वतः टाइप करून देते, म्हणजे कुणाचं स्पेलिंग चुकत नाही. साठ मीटरवरच्या त्या शॉटला फोकस सांभाळणारा मुलगा तेव्हा नवखा होता. चालत येणाऱ्या माणसाचे डोळे त्या लेन्सवर एका क्षणासाठीही सुटू न देणं किती अवघड असतं, ते सेटवरच्या लोकांनाच कळतं. यादीत त्याचं नाव वाचून एका दिग्दर्शिकेनं त्याला बोलावलं, मग दुसरीनं. आता त्याच्या तारखांसाठी मला दीड महिना आधी फोन करावा लागतो, आणि मी करते.